दुखत नाही त्याचं औषध

कापूस वेचणीच्या दिवसांत बाभुळगाव तालुक्यातली गावं सकाळी लवकर रिकामी होतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ज्या बाईचा सकाळचा तास गावातच गेला तिच्या ओट्यात तेवढा कापूस कमी भरतो, आणि संध्याकाळी काट्यावर ते लगेच दिसतं. अशा बाईला शिदोरी बांधता बांधता थांबवायचं, खुर्चीवर बसवायचं, दंडाला पट्टा गुंडाळायचा आणि तिला काहीही दुखत नसताना तिचा रक्तदाब मोजायचा. काम एवढंच. पण ते गावोगाव, घरोघर आणि दर महिन्याला करायचं असतं.

तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नेमणूक असलेल्या समुदाय आरोग्य अधिकारी हे काम काही वर्षांपासून करत आहेत. शिक्षण बी.एस्सी. नर्सिंगचं, त्यावर समुदाय आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. गावात त्यांना सगळे ‘मॅडम’च म्हणतात. त्या आल्या तेव्हा उपकेंद्र म्हणजे बाळांची लस, गरोदर बायांची तपासणी आणि तापाची गोळी, एवढीच गावाची समजूत होती. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली देशभरातल्या उपकेंद्रांचं रूप बदलू लागलं, पुढे पाट्यांवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं नाव आलं, आणि कामाच्या यादीत एक मोठी भर पडली: तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर अशा पाच आजारांसाठी तपासणी. सरकारी कागदावर यांना असंसर्गजन्य आजार म्हणतात. आशाताई आणि मॅडम आपसात बोलताना ‘एनसीडी’ म्हणतात, आणि गाव ‘बीपी-शुगर’ म्हणतं.

ही भर का पडली, याचं उत्तर मृत्यूंच्या नोंदीत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, इतर संस्थांबरोबर २०१७ मध्ये राज्यवार आजारांचा अहवाल प्रसिद्ध केला. १९९० मध्ये देशातल्या एकूण मृत्यूंपैकी ३७.९ टक्के असंसर्गजन्य आजारांनी होत होते. २०१६ मध्ये हा वाटा ६१.८ टक्क्यांवर गेला. एका पिढीच्या आत मरणाची कारणंच पालटली. पटकी, गोवर, बाळंतपण यांच्याशी लढायला उभी केलेली आरोग्य यंत्रणा आता अशा रोगांसमोर उभी आहे, जे वीस वर्षं शरीरात गुपचूप राहतात आणि एके दिवशी लकव्याच्या किंवा हृदयविकाराच्या झटक्याने तोंड दाखवतात.

कामाची सुरुवात एका फॉर्मपासून होते. त्याला ‘सीबॅक’ म्हणतात आणि तो आशाताई घरी जाऊन भरतात. वय किती, तंबाखू खाता का, विडी ओढता का, दारू रोज घेता का, कमरेचा घेर किती, आठवड्यात दीडशे मिनिटं तरी व्यायाम किंवा कष्टाचं काम होतं का, आईवडील-भावंडांत कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का? प्रत्येक उत्तराला गुण आहेत. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासायचं. पुरुषाच्या कमरेला टेप लावायची वेळ आली की आशाताई टेप त्याच्या बायकोच्या हातात देतात आणि आकडा स्वतः वाचतात. ही रीत कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेली नाही, गावानेच ती घालून दिली.

फॉर्मचा पुढचा भाग बाभुळगावसाठी विशेष बोलका आहे. त्यात स्वयंपाक कशावर करता, असं विचारलेलं असतं. इथे कापसाचं शेत रिकामं झालं की पऱ्हाटी उपटून घरामागे रचतात आणि वर्षभर ती चुलीत जाते. गॅसचं सिलिंडर घरात असलं तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी बऱ्याच घरांत पऱ्हाटीवरच होते. धुराने श्वासनलिका कायमच्या आखडतात; हा दम्यासारखा आजार विडी न ओढणाऱ्या बायांनाही होतो, आणि ‘जरासा खोकला हाये’ म्हणून तो वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो.

सुधारित फॉर्ममध्ये शेवटी आणखी दोन प्रश्न आले आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश वाटलं, असं किती वेळा? कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्यांमुळे ज्या जिल्ह्याचं नाव देशाला कळलं, त्या यवतमाळ जिल्ह्यात हे दोन प्रश्न ओळीने वाचून टिकमार्क करण्याचे नाहीत. मॅडमनी आशाताईंना सांगून ठेवलंय की ते शेवटी विचारायचे, फॉर्म मिटवल्यावर, चहाच्या वेळी. सोयाबीनला भाव काय मिळाला, पोरीचं लग्न कुठवर आलं, असं बोलणं निघालं की उत्तर आपोआप येतं. मन खचलेला माणूस बीपीची गोळीही वेळेवर घेत नाही, हे त्यांना आकडेवारी बघून कळलेलं नाही, रजिस्टरमधल्या रिकाम्या रकान्यांमागची घरं ओळखीची झाली तेव्हा कळलं.

तपासणीच्या वेळी सर्वांत जास्त वाद होतो तो बारीक माणसांशी. पन्नाशीचा, वाळलेल्या अंगाचा, दिवसभर वखरामागे चालणारा शेतकरी. बोटातून थेंबभर रक्त घेतल्यावर ग्लुकोमीटरवर आकडा १४० च्या कितीतरी वर. तो म्हणतो, “शुगर त शयरातल्या मोठ्या लोकायले होते. माह्या अंगावर मांस तरी हाये का?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच गावांनी दिलेलं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातली साडेतीन किलोंची. वजन कमी, हातापायांचे स्नायू कमी. पण चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबी धरलेली अशी ही बाळं पुढे मोठी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराला साखर पेलण्याचं बळ कमी पडू लागलं. याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र प्रसिद्ध केलं. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी आहेत. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

म्हणजे वाळलेलं अंग ही शुगर नसल्याची खात्री नाही. आईच्या पोटात असताना झालेली आबाळ पन्नासाव्या वर्षी रक्तात दिसू शकते. मॅडम हे सांगतात तेव्हा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग बहुधा आईबद्दल बोलू लागतो: दुष्काळात तिने काय खाल्लं, पोटुशी असताना ती कुणाच्या निंदणाला जायची. त्या ऐकून घेतात. रोग ‘आपल्या चुकीने’ झाला नाही, हे कळलेला माणूस पुढच्या महिन्यात परत येण्याची शक्यता जास्त असते, असा त्यांचा अनुभव आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, असा अंदाज निघाला. त्याच पाहणीत उच्च रक्तदाबाचं प्रमाण प्रौढांमध्ये ३५.५ टक्के आढळलं.

रक्तदाब मोजणं यंत्रामुळे सोपं झालंय. नीट मोजणं मात्र अजूनही शिस्तीचं काम आहे. शेतातून तरातरा चालत आलेल्या, नुकताच खर्रा खाल्लेल्या किंवा चहा प्यायलेल्या माणसाचा आकडा चढाच येणार. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकवायची, हात हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, दोनदा मोजायचं, आणि १४०/९० च्या वर आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचं. पक्कं झालं की डॉक्टरांच्या सल्ल्याने बहुतेकांची सुरुवात होते ती अॅम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीने. सरकारी केंद्रात ती मोफत मिळते, बाजारातही अगदी स्वस्त आहे. अनेक दशकं वापरात असलेलं, पारखून घेतलेलं औषध.

मग अडतं कुठे?

“मले काई होऊन नाई रायलं मॅडम, मंग गोळी कायले?” हे वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून पुन्हा पुन्हा येतं. दुसरं वाक्य त्याच्या जुळ्या भावासारखं: “बीपी नार्मल आला, म्हून बंद केली.” गोळीने आलेला चांगला आकडा हाच गोळी सोडण्याचं कारण ठरतो. ‘एकदा सुरू केली की सवय लागते’ ही भीती तर घराघरांत आहे. मॅडमनी यावर औषधशास्त्र सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. आता त्या शेतकऱ्याला एकच विचारतात, “काकाजी, एकदा निंदलं की तण पुन्हा येत नाही का?” तो हसतो. निंदण थांबवलं तर पीक काय होईल हे त्याला कुणी शिकवायला नको असतं. बऱ्याचदा तिथेच बोलणं संपतं आणि गोळ्यांची पट्टी खिशात जाते.

सोडलेल्या गोळीची किंमत काय असते, हे विदर्भातच मोजलं गेलंय. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्या खेड्यांत मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लकवा होतं. दर सात मृत्यूंमागे एक. जंगलाच्या, मलेरियाच्या मुलखात लकवा पहिल्या क्रमांकावर असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. लकव्यामागचं सर्वांत मोठं टाळता येण्याजोगं कारण म्हणजे न मोजलेला किंवा मोजून सोडून दिलेला रक्तदाब. बाभुळगावातही प्रत्येक गावात एखादी खाट अशी आहे, जिच्यावर घरातला कमावता माणूस एक बाजू लुळी पडून आहे, आणि त्याची बायको वेचणी सोडून त्याच्याजवळ बसलेली आहे.

याला उपाय आहे, आणि तो शेजारच्याच जिल्ह्यात करून पाहिलेला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून त्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. नवं औषध एकही नव्हतं. प्रत्येक रुग्णासाठी ठरलेल्या पायऱ्या, मोजक्याच गोळ्या पण त्या कधीही न संपणाऱ्या, घराजवळच्या उपकेंद्रातून वाटप, आणि कोण आला नाही हे लगेच कळेल अशी नोंद. एवढ्यावर नोंदवलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. मॅडमच्या मते यातला सर्वांत मोलाचा भाग शेवटचा आहे. त्यांच्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये नवीन नावांपेक्षा त्या महिन्यात न आलेल्यांची यादी जास्त वेळा उघडली जाते. एखादी बाई वेचणीमुळे चुकली, एखादा माणूस देवदर्शनाला गेला, कुणाच्या गोळ्या सुनेने गावाहून परस्पर आणल्या, कुणाचा विश्वासच उडाला. प्रत्येक रिकाम्या रकान्याचं कारण वेगळं असतं आणि ते घरी गेल्याशिवाय कळत नाही.

खर्रा हा या कामातला सर्वांत अवघड धडा. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन घोटायचा, पुडी बांधायची. पानठेल्यावर सकाळपासून हेच चाललेलं असतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र डोळ्यांसमोर हाताने तयार होतो. भेटलेल्या माणसाला तो देणं हा विदर्भात पाहुणचाराचा भाग झालाय, नाही म्हणणारा माणूस शिष्ट ठरतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांतले बहुसंख्य धूररहित तंबाखू खाणारे होते. तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तर चालते, हा समजही खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला थेट कॅन्सरकारक ठरवलंय. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठरत जातं. आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडायला त्रास होतो. एकावर एक तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर समजावं की नुकसान सुरू झालंय.

मॅडमजवळ यासाठी एक टॉर्च आणि हातमोजे आहेत. गालाच्या आत, जिभेच्या कडांना, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, हे त्या बघतात. इतक्या साध्या तपासणीने जीव वाचतो, याचा पुरावा केरळातला आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांच्या तोंडात पाहिलं. २००५ मध्ये निकाल आला तेव्हा तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पाहणारे डॉक्टर नव्हते. उपकेंद्रात करता येणारंच काम होतं ते.

चट्टा दिसल्यावर पुढचा रस्ता लांब होतो. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तुकडा काढून तपासणी, निदान झालंच तर नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा. माणूस इथेच मागे फिरतो. ‘तुकडा काढला की पसरते’ ही समजूत त्याला सोयीची वाटते. त्यामुळे चिठ्ठी लिहून मॅडमचं काम संपत नाही. बरोबर कोण जाणार, मजुरी किती बुडणार, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कोणते कागद लागणार, हे आधी बोलून घ्यावं लागतं. बायांच्या तपासण्यांचंही असंच. स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी म्हटली की बाया मागच्या दाराने निघून जात. सासूने आधी करून घेतली तेव्हा सुना आल्या. आता मॅडम प्रत्येक गल्लीत आधी सासवांशी बोलतात.

तोंडाच्या कॅन्सरवर आपल्याकडे नवं काय घडतंय, ते मॅडमनी वाचून ठेवलंय आणि आशाताईंच्या बैठकीत सांगितलंयही. निवोलुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध जगभर वापरतात, पण पूर्ण मात्रेतला खर्च आपल्याकडच्या फारच थोड्यांना झेपतो. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी पोटातून घ्यायच्या जुन्या, स्वस्त गोळ्यांना दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची जोड दिली. ही मात्रा नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत एक वर्षानंतर हयात असलेल्या रुग्णांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. भारतातल्या गरीब रुग्णाचा खिसा डोळ्यांसमोर ठेवून केलेलं हे संशोधन आहे, आणि त्याने जगातल्या डॉक्टरांना मात्रेचाच पुन्हा विचार करायला लावलं.

नवे उपचार वेगाने येत आहेत. आठवड्यातून एकदा टोचायच्या सेमाग्लुटाइडने मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आटोक्यात येतात. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सिकलसेलवर जनुकात बदल करणाऱ्या पहिल्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. अशा बातम्यांचे तुकडे मोबाईलवर बाभुळगावातही पोचतात. त्यांच्याच शेजारी ‘शुगर मुळापासून घालवा’ अशा जाहिरातीही असतात, आणि त्या जाहिरातीतल्या पुडीपायी कुणी आपल्या गोळ्या बंद करतो. पोरं मॅडमना स्क्रीन दाखवून विचारतात, यातलं खरं कोणतं? सिकलसेलच्या पोराच्या आईला त्या खरं तेच सांगतात: तो मोठा उपचार आज आपल्या हातात नाही, पण हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात, भरपूर पाणी पाजायचं, आणि लग्नं जमवण्याआधी दोन्हीकडची तपासणी करायची.

केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरवरच्या उपचारांचं दिवसभराचं केंद्र उघडण्याचं जाहीर झालं. ते यवतमाळला चांगलं चाललं तर कमी मात्रेचं इंजेक्शन घेऊन रुग्ण संध्याकाळच्या एसटीने बाभुळगावला परत येऊ शकेल. त्यासाठी चट्टा वेळेत दिसायला हवा, तुकडा वेळेत तपासायला हवा आणि दर तीन आठवड्यांनी तो माणूस परत जायला हवा. बीपीच्या गोळीसाठी जे परत येणं गावाच्या अंगवळणी पडतंय, तेच पुढच्या प्रत्येक उपचाराला लागणार आहे.

मॅडमच्या मागण्या त्यामानाने छोट्या आहेत. वेचणीच्या हंगामात बीपी-शुगर स्थिर असलेल्यांना एका महिन्याऐवजी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता याव्यात. साठा संपण्याआधी पुढचा यावा, कारण रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस पुन्हा यायला तयार होत नाही. आशाताईंना घरभेटींचा मोबदला वेळेवर मिळावा. तोवर त्यांनी आपल्यापुरता एक बदल केलाय: आठवड्यातली एक तपासणी संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. पुरुष पानठेल्यावरून उठून तिथे येतात, बाया वेचणीहून परतल्यावर येतात, आणि न आलेल्यांच्या यादीतली नावं आशाताई तिथूनच फोन करून बोलावतात.